मोरीतला थर

गणपती गेल्यापासून हितेंद्रने घरातली मोरी घासायला बंदी घातली होती. करी रोडच्या चाळीतली तळमजल्यावरची ती खोली, कोपऱ्यात हातभर मोरी, तिच्यात काळा धोंडा आणि त्या धोंड्यावर हितेंद्रच्या आशेसारखा रोज थोडाथोडा दाट होणारा बुळबुळीत थर. हितेंद्र जंतूंचा डॉक्टर होता, म्हणजे जंतूंना बरं करणारा नव्हे, जंतूंवर प्रबंध लिहिलेला. कॉलेजातले काचेच्या बशीत वाढलेले जंतू लाडावलेले असतात, खरे स्वाभिमानी जंतू मोरीतच भेटतात, असा त्याचा सिद्धांत होता. सिद्धांताला भाडं पडत नाही, म्हणून माणसं खुशाल बाळगतात.

"मेल्या, पावणे येतले आज," त्याची आई मीराबाई काथ्या हातात घेऊन उभी होती. "पोरगी घर बघूक येता म्हटल्यावर मोरी बघतलीच."

"आई, हात लावू नकोस. थर आत्ता कुठे बसतोय. गेला तर माझा पेपर बुडाला."

"थर नाय, बुळबुळ आसा ती. आणि ऐक, ह्या शेवटचा स्थळ. ह्याच्यापुढे तू नि तुझे जंतू, मांडा संसार."

ही धमकी पोकळ नव्हती. हितेंद्रने पस्तिशी ओलांडली होती. आधीच्या मुली चहा संपेपर्यंत जंतू ऐकत आणि घरी जाऊन नकार कळवत. त्यालाही मनातून लग्न हवं होतं. फक्त बायको ऐकणारी हवी होती.

नवरात्रातल्या त्या संध्याकाळी दादरहून कालिंदी आली, वडिलांना घेऊन. रमाकांतराव वीज कंपनीतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. कालिंदी विमा कचेरीत होती. बसायला खुर्ची कमी पडली म्हणून मीराबाई शेजारी खुर्ची मागायला गेल्या, आणि हितेंद्रला रान मोकळं मिळालं.

"जंतूला मेंदू नसतो," त्याने सुरुवात केली. "पण पोटात एक निरोप्या असतो. सायक्लिक-डाय-जीएमपी. हे रसायन आत वाढलं की जंतू शेपटी फिरवणं थांबवतो. मग चिकट थर करून एका जागी बसतो."

"आणि कमी झालं की?" कालिंदीने विचारलं.

प्रश्न विचारणारी मुलगी त्याला पहिल्यांदाच भेटत होती. त्याचे कान लाल झाले. "कमी झालं की थर सोडून पोहत सुटतो. सगळा हुकूम आतून येतो."

"मी जरा पाय धुऊन येतो," रमाकांतराव म्हणाले. "बाहेरून आलो की पाय धुतल्याशिवाय बसवत नाही मला. मोरी इथेच ना?"

"हो, हो," हितेंद्र म्हणाला, आणि पुन्हा शेपटीकडे वळला. जंतूच्या पोटातला निरोप ज्याला ऐकू येतो, त्याला स्वतःच्या मोरीबद्दल दोन शब्द काढायचं सुचलं नाही.

धप्प असा आवाज झाला. तांब्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत आला.

हितेंद्र धावला. धावला, हे खरं. गुडघेही टेकले. पण ते धोंड्यापाशी. "काका, हलू नका. पाय घासला तर थर निघेल."

कालिंदीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग ती वडिलांच्या काखेत हात घालून म्हणाली, "बाबा, माझ्यावर भार टाका."

दारात मीराबाई खुर्ची घेऊन उभ्या होत्या. "माणूस पडलो थय, आणि तू बुळबुळ बघतस?"

घोटा मोडला होता. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि जिना चढायचा नाही म्हणून बजावलं. दादरचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथली लिफ्ट दुरुस्तीला उघडून ठेवलेली. कालिंदी दिवसभर कचेरीत. मीराबाईंनी प्रश्न मिटवला. "आमच्या मोरीत पडले, आमच्याकडेच बरे होतले."

खाट पाहुण्यांना गेली. हितेंद्रची गादी दाराबाहेरच्या गॅलरीत आली. तिथे पडल्या पडल्या त्याने निष्कर्ष काढला की माणसं बसली आहेत, म्हणजे होकार पिकतो आहे. रोज संध्याकाळी कालिंदी वडिलांना बघायला यायची, तेव्हा तो नवी माहिती तयार ठेवायचा. ती चपला काढता काढता ऐकायची आणि आत जायची.

रमाकांतराव पहिल्या दिवशी "दोनच दिवस हं" म्हणाले होते. मग दादरहून त्यांचं दाढीचं सामान आलं. मग ट्रान्झिस्टर आला, मग उशी. दसरा झाल्यावर मीराबाईंनी बांगड्याचं तिखलं केलं, आणि दोन दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही. रमाकांतराव खाटेवर बसून कोथिंबीर निवडायला लागले. मीराबाईंच्या अंबाड्यात, नवरा गेल्यापासून कधी नव्हती ती, अबोलीची वेणी दिसू लागली. संशोधकाला काही दिसलं नाही.

एका सकाळी मोरीतून काथ्याचा खरखर आवाज आला आणि त्यावर मीराबाईंचा गळा:

*मोरीचा काळा धोंडा, घासूनी केला गोरा,*
*पाहुण्या, पाय ठेवा, हाताला हात धरा.*

खाटेवरून कुणीतरी हळूच ताल धरला होता. एखाद्या बहिऱ्यालाही उमगलं असतं. हितेंद्र मात्र अंथरुणातून उठून ओरडला, "आई, माझा थर!" आणि दिवसभर जेवला नाही. गाणं मात्र त्यानंतर रोज सकाळी होऊ लागलं.

दिवाळीच्या तोंडावर प्लास्टर निघालं. दादरची लिफ्ट तर आठवड्यापूर्वीच सुरू झाली होती. त्या संध्याकाळी गॅलरीत कंदील बांधताना हितेंद्रने कालिंदीला गाठलं.

"मग, तुमचं काय ठरलं?"

"माझं? ते तर त्याच दिवशी ठरलं. बाबा खाली पडलेले आणि तुम्ही थर वाचवत होतात."

"नकार?"

"नकार."

हितेंद्रच्या हातातला कंदील वाऱ्याने फिरला. "मग रोज कशाला येत होतात?"

"आधी बाबांना बघायला, लिफ्ट सुरू झाल्यापासून न्यायला. रोज विचारते, बाबा निघायचं का? म्हणतात, आज नको." तिने मानेने आत दाखवलं. खाटेच्या कडेला दोघं एकाच परातीतल्या करंज्या मुरडत होती. रमाकांतरावांची मुरड सुटत होती, मीराबाई न बोलता पुन्हा घालत होत्या. "दोघं डिसेंबरात नोंदणी पद्धतीने लग्न करणार आहेत. मला हरकत नाही. तुमची आहे का?"

हितेंद्रने आत पाहिलं. मग मोरीकडे पाहिलं. धोंडा स्वच्छ होता, त्यात कंदिलाचा उजेड पडला होता.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"बाबा म्हणतात, त्या रोज सकाळी गाऊन सांगत होत्या," कालिंदी चपला घालत म्हणाली. "बरं, भाऊबीजेला मी इकडेच येते ओवाळायला. पाय धुऊनच बसेन मी, दादा. तेवढी मोरी घासून ठेवा."