कोंबडाचोरीचं रीतसर प्रात्यक्षिक

सीनुआनमावशीचा झुंजीचा कोंबडा नाहीसा झाला आणि तिसऱ्या दिवशी बुनलुआने तो चोरल्याचं कबूल केलं. चोरला नव्हता, हा भाग वेगळा. पण फौजदार विचाय यांनी त्याला थाई कायदा नीट समजावला होता: कबूल केलंस तर शिक्षा निम्मी, नाकारलंस तर पूर्ण. न चोरणाऱ्याला किती, याचा रकानाच छापील कागदावर नव्हता. घरी बायकोचे दिवस भरत आलेले. बुनलुआने मुकाट्याने निम्मी पत्करली.

मग प्रथेप्रमाणे त्याला बेड्या घालून मावशीच्या अंगणात आणलं. आरोपीने तिथे गुन्हा पुन्हा करून दाखवायचा आणि जागेकडे बोट करून फोटोला उभं राहायचं. लोकांनी मारलं तर लागू नये म्हणून डोक्यावर हेल्मेट. लोक मारायलाच आले होते, चटया आणि चिकट भाताचे डबे घेऊन.

"हं, दाखव. कुठून उचललास?"

बुनलुआने अंदाजाने डुकरांच्या कुंपणाकडे बोट केलं.

"अरे गाढवा, कोंबडा तिथे असतो होय? डावीकडे!" फौजदार खेकसले.

"मेल्याला धड चोरताही येत नाही!" एक म्हातारी करवादली आणि तिने चप्पल भिरकावली. ती फोटोवाल्याला लागली.

तेवढ्यात घराच्या खांबांमागून खुद्द कोंबडाच बाहेर आला आणि सांडलेला भात टिपू लागला. उगारलेल्या चपला खाली आल्या. बुनलुआचा जीव भांड्यात पडला.

"मावशी, आला बघा तुमचा! सांगा ना यांना, पाया पडतो तुमच्या!"

मावशीने कोंबड्याकडे पाहिलं. मग गर्दीकडे, कॅमेऱ्याकडे आणि आज मुद्दाम नेसलेल्या रेशमी वस्त्राकडे.

"आहे तसाच," ती म्हणाली, "पण माझा नव्हे बाई."

गर्दीच्या जिवात जीव आला.

"म्हणजे हा दुसऱ्या कुणाचा तरी," फौजदारांनी नोंद केली. "दोन चोऱ्या! हलकटा, आधी का नाही बोललास?"

बुनलुआला रडू फुटलं. तशातच त्याला कोंबड्याकडे बोट करायला लावलं आणि या खेपेला फोटो पहिल्या झटक्यात झकास आला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात छापला गेला, खाली 'पश्चात्तापाचे अश्रू' असं लिहून. तुमच्या-आमच्यासारख्या सभ्य माणसांनी कॉफी पिता पिता तो निरखून पाहिला आणि म्हटलं, "चेहऱ्यावरूनच कळतं हो."