अनधिकृतपणे सरळ

सरळ जाणे ही गोष्ट निसर्गाला मान्य नाही. नदी वळते, वेल वळते, घराकडे निघालेली गायसुद्धा चार वाकडी पावले टाकल्याशिवाय गोठ्यात शिरत नाही. माणसांत जे नाकासमोर चालतात त्यांचे कौतुक होते ते लग्न जमवताना आणि निवृत्तीच्या समारंभात, म्हणजे खरे बोलण्याची सक्ती नसलेल्या दोन प्रसंगी. तेव्हा परवाना कार्यालयाची चाचणीची पांढरी गाडी अकरा वर्षे डावीकडे ओढत होती, यात कार्यालयाचा काही दोष होता असे म्हणता येत नाही.

ओढ कधी सुरू झाली याची नोंद स्वच्छ अक्षरात आहे. त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी 'गाडी कशी चालवू नये' याचे प्रात्यक्षिक दाखवताना डावे पुढचे चाक फुटपाथवर चढवले. प्रात्यक्षिक उत्तम झाले. तेव्हापासून स्टेअरिंग सोडले की गाडी दहा पावलांत एक पाऊल डावीकडे जाऊ लागली. पहिली तक्रार येताच तिघांची समिती नेमली गेली. (तिघांपैकी एकाला गाडी चालवता येत होती, तो गैरहजर राहिला.) समितीने पुढील कारणे तपासली: उमेदवार डावखुरा असणे, वारा, मैदानाचा उतार, पृथ्वीचे फिरणे आणि उमेदवाराच्या मनातली भीती. गाडी तपासता आली नाही, कारण ती चाचणीसाठी बाहेर गेली होती. निष्कर्ष एका ओळीत आला: नाचता येईना अंगण वाकडे.

हा निष्कर्ष फार उपयोगी पडला. शहरातल्या चौदाही ड्रायव्हिंग स्कूलांनी 'दीड बोट पद्धत' सुरू केली; म्हणजे स्टेअरिंग सरळ न धरता दीड बोट उजवीकडे धरायचे. पुढे त्यांनी आपल्या गाड्यांची चाकेही गॅरेजात नेऊन डावीकडे ओढतील अशी लावून घेतली, म्हणजे विद्यार्थ्यांना परीक्षेचा सराव होईल. उत्तीर्ण होणारे शेकडा एकसष्टवरून चौऱ्याण्णववर गेले. हे उत्तीर्ण लोक पुढे नवी कोरी गाडी घेत. ती उजवीकडे जाई. मग ते गॅरेजात येऊन म्हणत, "गाडी ओढते हो." गॅरेजवाला ती डावीकडे लावून देई आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाई. अशा रीतीने शहरातले बहुतेक हात आणि बहुतेक चाके एकमेकांना अनुरूप झाली. (असे जुळणे नवरा-बायकोतही विरळा.) बाहेरगावचा पाहुणा इथली गाडी उसनी नेऊन फुटपाथला घासून आणी, तेव्हा त्याच्या गावात शिक्षणच धड नाही, असे सर्वानुमते ठरे.

ही बसलेली घडी विस्कटली एका फिटरमुळे. सहा महिन्यांपूर्वी तो बसगाड्यांच्या कार्यशाळेतून परवाना कार्यालयाच्या कार्यशाळेत बदलून आला होता. भिंतीवरचे घड्याळ तिरके दिसले तर ते सरळ केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत. त्याच्या बायकोच्या मते तो घोरतोसुद्धा एका रेषेत.

एका शनिवारी ओळंब्याला गाडी रिकामी सापडली. आधी त्याने चारही चाकांची हवा मोजली, सारखी निघाली. मग पुढचे दोन्ही टायर एकमेकांच्या जागी लावून पाहिले, कारण दोष टायरचा असेल तर ओढ बाजू बदलते. ओढ डावीकडेच राहिली. मग एक फेरी मारून त्याने चाकांजवळ हात नेला. एक चाक जास्त तापले असते तर ब्रेक चिकटतोय असे कळले असते. दोन्ही सारखीच कोमट होती. शेवटी त्याने गाडी अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवली आणि खाली वाकून पाहिले. डाव्या चाकाला धरून ठेवणारा खालचा लोखंडी आर्म वाकला होता. ज्या तपासणीला अकरा वर्षे सवड झाली नव्हती तिला पावणेदोन तास लागले. (कार्यालयीन शिस्तीच्या दृष्टीने ही घाई आक्षेपार्ह आहे.)

नवा आर्म कार्यालयातच होता. तो अकरा वर्षांपूर्वी मागवलेला होता आणि आल्या दिवसापासून साहेबांच्या खोलीचे दार उघडे राहावे म्हणून दाराशी ठेवलेला होता. ओळंब्याने तो गाडीला लावला आणि वाकडा आर्म दाराशी ठेवला. दाराला काही फरक पडला नाही.

सोमवारी त्याच्या लेकीची चाचणी होती. तिची निवड सरकारी रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर चालक म्हणून झाली होती. अट एकच, महिनाअखेरपर्यंत परवाना दाखवायचा. नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. नापास झाले तर पुढची चाचणी तीन महिन्यांनी. ओळंब्याने ती निवडीची चिठ्ठी इतक्या वेळा वाचली होती की तिची घडी फाटायला आली होती.

"बाबा, उद्याचं काही सांगायचंय?" रविवारी जेवताना लेकीने विचारले.

"सरळ बघ, सरळ चालव."

"ते तर सगळेच सांगतात."

ओळंबा गालात हसला. गाडी सरळ केल्याचे त्याने सांगितले नाही; सरळ गाडी सरळ जाते, यात सांगायचे काय, असे त्याला वाटले. दीड बोट हा शब्द त्याने लेकीच्या तोंडून ऐकला होता, पण तो सीटचा पट्टा बांधण्याचा काही प्रकार असावा, अशी त्याची समजूत होती.

सोमवारी एक्केचाळीस उमेदवार आले. चाचणीच्या वाटेच्या दोन्ही कडांना खुणेची रिकामी पिंपे मांडलेली असत; चाळीस जणांनी उजव्या बाजूचे पिंप पाडले. ओळंब्याची लेक अकरावी होती; तिने दोन पाडले. उत्तीर्ण झाला तो एक शिंपी. त्याला शिकवणीला जायला सवडच मिळाली नव्हती. शिक्षण न घेता हा इसम पास झालाच कसा, म्हणून त्याचा निकाल राखून ठेवून त्याची चौकशी सुरू करण्यात आली.

संध्याकाळी ओळंबा घरी आला तेव्हा लेक पायरीवर बसली होती.

"गाडीला काय केलंत?"

"सरळ केली."

"मग मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला जास्त लागले. "पाच आठवडे शिकले मी, बाबा. सगळं बरोबर केलं."

आयुष्यात पहिल्यांदा ओळंब्याला बरोबर काम केल्याची लाज वाटली. बायकोने दोघांपुढे पाणी ठेवले, कारण तिला दोघांचेही पटत होते.

मंगळवारी साहेबांनी त्याला बोलावले. चौकशीचा अहवाल टेबलावर होता. त्यात म्हटले होते की सदर वाहन कोणाच्याही पूर्वपरवानगीशिवाय सरळ करण्यात आल्याने ते सध्या अनधिकृतपणे सरळ आहे.

"सरळ बोटाने तूप निघत नाही, हे कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"साहेब, गाडी अशीच राहू द्या. माणसांना नव्यानं शिकवू."

"शहरात परवानेवाले किती? एक लाख बारा हजार. आणि चाचणीची गाडी?"

"एक."

"मग कोणाला सरळ करणं सोपं, सांगा."

या हिशेबात चूक काढता येत नव्हती. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी ओळंब्याला बसायला सांगितले आणि हळू आवाजात म्हणाले की बुधवारपर्यंत गाडी पूर्ववत झाली, तर चाळीसही जणांची फेरचाचणी गुरुवारी घेता येईल. "तुमच्या मुलीसकट. नाही झाली, तर नियम तीन महिन्यांचा आहे. मी तरी काय करू?"

बुधवारी सकाळी, मैदान रिकामे असताना, ओळंब्याने लेकीला त्या गाडीत बसवले. अजून दुपारपर्यंत वेळ होता.

"हात सैल सोड."

"सोडले."

"सोडले नाहीस. उजवा बघ तुझा."

तिने बोटे एकेक करून उचलली. गाडी मैदानाच्या मधोमध नाकासमोर जात राहिली. ओळंब्याचे डोळे भरून आले. लेकीने मात्र घाबरून ब्रेक दाबला.

"बाबा, ही काहीच करत नाहीये," ती म्हणाली. "मला नाही जमायचं. एका दिवसात तर नाहीच."

दुपारी ओळंब्याने साहेबांच्या दाराशी जाऊन वाकडा आर्म उचलला. काम चोख झाले. गाडी दहा पावलांत एक पाऊल डावीकडे जाते, हे त्याने फीत लावून मोजले आणि वहीत सही केली.

गुरुवारी चाळीसपैकी अडतीस पास झाले. (शिंपी सक्तीच्या फेरचाचणीत नापास झाल्याने त्याच्यावरचा संशय दूर झाला.) लेकीला परवाना मिळाला. महिनाअखेरीला ती कामावर रुजू झाली आणि घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी गाणे गुणगुणले.

दुसऱ्या आठवड्यात ती रुग्णवाहिका घेऊन बाबांच्या कार्यशाळेत आली. गाडी कारखान्यातून नुकतीच आलेली होती, सीटवरचे प्लॅस्टिकही निघालेले नव्हते.

"बाबा, ही उजवीकडे ओढते. आत माणूस असतो हो मागे, भीती वाटते."

ओळंब्याने हवा मोजली, टायर बदलून पाहिले, चाकांजवळ हात नेला, गाडी यंत्रावर चढवली. सगळे आकडे जागच्या जागी होते. इतकी सरळ गाडी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. मग त्याने पाना घेतला. लेकीने एक चक्कर मारून आणली आणि खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाली, "आता कशी सरळ जाते बघा."

"हो," ओळंबा म्हणाला.

वरील हकिगत वाचून ज्यांना त्या शहराची कीव आली असेल, अशा परवानाधारक वाचकांना विनंती आहे की त्यांनी एखाद्या मोकळ्या, सपाट मैदानावर आपल्या गाडीचे स्टेअरिंग क्षणभर सैल सोडून पाहावे. गाडी कोणत्याही बाजूला गेली तरी तक्रारीचा अर्ज खिडकी क्रमांक तीनवर मिळतो. त्यात 'गाडी ओढते' हा एकच पर्याय छापलेला आहे. 'मी ओढतो' असा रकाना आजवर कोणी मागितलेला नाही. आपल्यालाही तो लागेल असे कार्यालयाला वाटत नाही.