पस्तीस हजार फुटांवरून मुरुड

मजीदचाचा विमानात बसून खालच्या जमिनीला शिव्या घालतात. पुटपुटत नाहीत, ओरडतात. "ही खाडी हाय? खाडी अशी असते? ह्याला गटार म्हन्तात, गटार!" आणि टेबलावर थाप. एकदा माझ्या लॉजवर उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी घाबरून विचारलं, शेजारी मारामारी चाललीय का? मी म्हटलं, "नाही, ते विमानात आहेत." पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले. त्याचाही राग माझ्या मनात आहेच.

विमान म्हणजे चाचांच्या घरातली माडीवरची खोली. तीन पडदे, एक दांडा, पायाखाली दोन पेडल आणि विमान उडवण्याचा खेळ चालवत दमादमानं घरघरणारा कॉम्प्युटर. कुवेतला असलेल्या मुलानं हे सगळं पाठवलं, अब्बांचा वेळ जावा म्हणून. चाचांचा वेळ गेला, माझाही गेला. कारण शेजारी, मुरुडच्या आमच्या आळीत, इंग्रजी वाचून कॉम्प्युटरवर चार गोष्टी करू शकणारा मीच.

चाचांचं सगळं आयुष्य आखातात एसी दुरुस्त करण्यात गेलं. लोकांच्या खोल्या गार केल्या, स्वतःचं डोकं मात्र तापलेलंच राहिलं. मासेवालीवर चिडतात, एसटीवर चिडतात, मांजरावर चिडतात. पण त्या माडीवर चिडतात तसे कुठेच नाही.

बाकीचे लोक हा खेळ विमान उडवायला आणि उतरवायला घेतात. चाचा दोन्ही करत नाहीत. "चढवनं-उतरवनं डायवरचं काम. मी प्याशिंजर हाय." ते सुरुवातच हवेत करतात, पस्तीस हजार फुटांवर. विमान आपलं आपण चालेल अशी कळ दाबतात आणि पडद्यावरचा कॅमेरा प्रवाशाच्या खिडकीत नेऊन ठेवतात. मग फक्त खाली बघायचं. आणि शिव्या घालायच्या.

खेळाबरोबर आलेली जमीन त्यांना पहिल्याच दिवशी पटली नाही. सगळं कोकण हिरव्या रंगाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखं. त्यावर वेगळी सीनरी, म्हणजे खाली दिसणारी नवी जमीन, विकत मिळते असं मीच सांगून बसलो. जीभ कापली असती तर बरं.

पहिली सीनरी आणली ती मुंबईच्या विमानतळाची. सामानाच्या ट्रॉल्या, काचेवरची धूळ, सगळं हुबेहूब. चाचा भडकले. "मी ट्रॉल्या बघायला वर चढलो काय? ओ लॉजवाले, तुला अक्कल हाय का? मानूस वरून जातोय, त्याला खालचं पायजे!" मी विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं गोड उत्तर आलं की बहुतेक गिऱ्हाइकांना विमानतळच हवे असतात, इतक्या उंचीवरून खाली कोणी फारसं बघत नाही. हे भाषांतर करून सांगण्याची चूक मी केली. चाचा उभे राहिले. "बघत न्हाय? घर सोडून जानारा मानूस खाली बघत न्हाय? ह्याच्या बापानं कधी घर सोडलं न्हाय काय?"

दुसरी डोंगरांची. त्यात सगळ्या डोंगरांची उंची खरी होती. पण ज्यानं डोंगर इतके नीट मोजले त्यानं किनारा डोळे मिटून काढला होता. अर्धं मुरुड समुद्रात आणि समुद्रातल्या जंजिऱ्यावर सात मजली इमारत. चाचा विमान तिथंच घिरट्या घालत ओरडत राहिले, "सिद्दीला फ्लॅट दिला! सिद्दीला फ्लॅट!" चाची खालून म्हणाल्या, "अवो, हळू. लोक काय म्हनतील." चाचा म्हणाले, "लोकांनी बी यावं, बघावं!"

तिसरी वरून काढलेल्या खऱ्या फोटोंची. ही उतरवून घ्यायला आमच्या नेटला आठवडा लागला. फोटो भर उन्हाळ्यातले. डोंगर करपलेले, त्यात राजपुरीच्या खाडीपर्यंत एक रंग आणि खाडीपलीकडे वेगळाच, जोड दिसावा तसा. मला तर आवडली. किनारा बरोबर, नारळीच्या वाड्यांची काळपट पट्टीसुद्धा बरोबर. मी म्हटलं, "चाचा, उंचावरून बघायचं तर हीच. आता थांबा."

चाचांनी नाक पडद्याला लावलं. "आळी कुठं हाय?"

"इथं कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजे? घर दाखव. गच्ची दाखव. लिही त्याला, गच्च्या काढ म्हनावं."

तेव्हा माझंही डोकं फिरलं. लॉजवर नळ गळत होता, दोन पाहुणे जेवणासाठी खोळंबले होते आणि मी भर दुपारी पस्तीस हजार फुटांवर गच्ची शोधत होतो. मी ओरडलो, "इतक्या उंचीवरून गच्ची दिसत नाही! अख्खं मुरुड नखाएवढं दिसतं. आणि मुंबईहून आखाताकडे जाणारं विमान मुरुडवरून जातं तरी कशाला? ते सरळ समुद्रात घुसतं. तुम्ही रोज मुद्दाम दांडा फिरवून इकडे आणता!"

वाटलं, आता पेडल फेकून मारतात. पण चाचा ओरडले नाहीत. मान न वळवता म्हणाले, "उतर खाली. परत येऊ नको."

पुढे बरेच दिवस मी तिकडे गेलो नाही. माडीवरून आवाजही आला नाही. सुरुवातीला बरं वाटलं, मग नाही वाटलं. शेवटी एका दुपारी चाची कुंपणाशी आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या मशेरीच्या डबीसाठीसुद्धा घराबाहेर पडत नाहीत.

"काय बोललास त्यांना? धड जेवत न्हाईत. कुनावर चिडत बी न्हाईत."

मी काय बोललो ते सांगितलं. चाची म्हणाल्या, "चल माझ्यासंगं वर."

कठड्याला धरून, दर पायरीला थांबत त्या चढल्या. चाचा बंद पडद्यांसमोर बसले होते. आम्हाला बघून तोंड फिरवलं.

"ह्यो पोरगा म्हन्तो, गच्ची दिसत न्हाय," चाची म्हणाल्या.

"न्हाय दिसत." चाचा एकदम उसळले, पण माझ्यावर नाही. "न्हायच दिसली कधी! मी आखाताला निघालो की तू गच्चीवर उभी राहून वढनी हालवायचीस, आनि मी तिथनं फोन करून सांगायचो, दिसलीस, हिरवी वढनी व्हती. झूट! सगळं झूट! मला खिडकी कधी मिळालीच न्हाय. मधली शिट, न्हायतर मागची, संडासाजवळची. दोन मान्सांच्या मधी मान खाली घालून गेलो मी दर वेळी." त्यांनी टेबलावर थाप मारली, पण तिच्यात जोर नव्हता. "म्हटलं, आता तरी बघावं. बसलो असतो खिडकीत, तर दिसली असतीस का. एवढंच बघायचं व्हतं. तर इथंबी न्हाय!"

मला खाली उतरून जावंसं वाटत होतं, पण दाराशी चाची उभ्या होत्या.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय म्हाईत व्हतं?"

"माझ्या भावानं सांगितलं व्हतं, आपलं लगीन नवीन व्हतं तेव्हाच. गच्चीवरनं दिसतात ती इमानं गोव्याकडची. तुमचं इमान इकडं येतच न्हाय."

चाचांचा चेहरा लाल झाला. "मग उन्हात कशाला उभी राह्यचीस? सांगितलं का न्हाईस मला? मी येड्यासारखा..."

"तुमी फोनवर इतक्या खुशीत सांगायचा. कसं सांगू?" चाचींनी ओढणीनं तोंड पुसलं. "आनि इमान तर जायचंच की. त्यात कुनाचा तरी नवरा असंलच. त्याची बायको नसंल गच्चीवर. म्हटलं, करावा हात."

चाचांनी तोंड उघडलं. मी शिवीची वाट पाहिली. आली नाही. ते उठले, आपली खुर्ची सरकवून चाचींच्या मागे आणली आणि दरडावून म्हणाले, "बस. गुडघे दुखतात आनि उभी राहते."

चाची बसल्या. चाचांनी पडदे सुरू केले. खाली निळं, मग पांढरी कड, मग करपलेले डोंगर.

"ह्ये काय?"

"समुद्र."

"आनि ह्यो बारीक दोरा?"

"किनारा. आपलं मुरुड त्यातच."

चाची डोळे बारीक करून बघत राहिल्या. "दिसत न्हाय वो."

"न्हाय दिसत," चाचा म्हणाले. विमान मुरुड ओलांडून पुढे जाऊ लागलं, तसा त्यांनी दांडा हळूच फिरवून ते परत मागे आणलं.