पहिला चेंडू संभाजीरावांना

"महिपत, चेंडू मोकळ्या माणसाला दे!" हर्मान साहेबांचा पहिल्या दिवशीचा तो आवाज महिपतरावांच्या कानात जन्मभर राहिला. पायात मात्र कधी उतरला नाही.

ज्याचे गुडघे जातात त्याला शहाणपण येते, हे राज्यकारभाराचे जुने सूत्र आहे. हर्मान साहेब व्हिएन्नाहून ग्वाल्हेर संस्थानच्या फुटबॉल संघात खेळायला आले. मैदानात शिरलेल्या रिसाल्याच्या घोड्याला चुकवताना त्यांचा गुडघा गेला. (घोड्याची रीतसर चौकशी झाली, तो निर्दोष सुटला.) साहेबांना तत्काळ संघाचे मॅनेजर नेमण्यात आले.

संघाची शिस्त वाखाणण्यासारखी होती. चेंडू कोणालाही मिळो, तो आधी कप्तान संभाजीरावांच्या पायाशी जाई. सरदार घराणे, त्यात वयाने वडील. त्यांच्याआधी गोल मारणे म्हणजे पंगतीत त्यांच्याआधी उठणे. बिचारा चेंडू सासुरवाशिणीसारखा, वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून उंबरा ओलांडत नसे. संभाजीराव रुबाबात पाय उचलत. पाय एकीकडे जाई, चेंडू दुसरीकडे.

"वाह, राव! काय हूल दिलीत!" महिपतराव म्हणत.

परक्या मुलखात खाल्ल्या मिठाला जागायचे, तर साहेब कप्तानाविषयी काय बोलणार?

मग संस्थाने गेली, मध्यभारत राज्य झाले. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. दोन्हीकडच्या संघांचेही विलीनीकरण झाले. इंदूरचे कप्तान पांडुरंगराव नेमके तितकेच ज्येष्ठ निघाले. ज्येष्ठता समितीने तोडगा काढला: चेंडू दोघांच्याही पायांना लागावा, मगच पुढे जावा. आठ वर्षांत संघाने दोन गोल केले. (पैकी एक स्वतःवर.) पण भांडण एकही नाही.

छप्पन साली राज्याची पुन्हा मांडणी झाली. राजधानी भोपाळला गेली, जबलपूरचा संघ राज्यात आला, आणि हुकूम निघाला: दोघांत जो जिंकेल तो राहील, हरेल त्याचा मॅनेजर 'अतिरिक्त', म्हणजे नोकरीतून कमी. साहेबांचे व्हिएन्नात आता कोणी उरले नव्हते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पाटणकर बाजाराबाहेर त्यांना घर नव्हते.

सामना संपत आला तरी गोल नाही. तेवढ्यात चेंडू महिपतरावांकडे आला. समोर गोलकीपर आडवा पडलेला, जाळे उघडे.

"मार ना, गधे!" वीस वर्षांत साहेब प्रथमच असे ओरडले.

महिपतरावांनी चेंडूवर पाय ठेवला, मागे वळले आणि अदबीने म्हणाले, "राव, या."

दोन्ही राव धापा टाकत निघाले. प्रेक्षकांचे डोळे भरून आले. "संस्कार पाहा!" दाना ओली गल्लीतल्या शांताताई म्हणाल्या आणि महिपतराव अजून लग्नाचे आहेत का, याची तिथेच चौकशी केली. तेवढ्यात जबलपूरच्या एका असंस्कृत खेळाडूने चेंडू पळवला आणि पलीकडे जाऊन गोल केला.

निरोपाला सगळे स्टेशनवर आले. साहेबांसाठी आणलेला हार संभाजीरावांनी मोठ्या मायेने गार्डाच्या गळ्यात घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गार्डानेही. (तुम्ही आता हसलात. तिथे असता तर टाळ्याच वाजवल्या असत्या.)

गाडी हलली तसे साहेब खिडकीतून वाकले. "महिपत, वीस वर्षं बोललो नाही. संभाजीरावांना चेंडू दिसतच नाही."

महिपतरावांनी डोळे पुसले. "साहेब, ते तर पूर्ण लष्करला मालूम आहे. तुम्हालाच ठाऊक नसेल, असं वाटायचं. पण तुम्ही पडलात मॅनेजर. तुम्हाला सांगायचं कसं?"