गायकवाड सरांचं सातवं कलम

आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक गायकवाड सर कुणालाही "कसे आहात" असं विचारत नाहीत. "गुडघा कसा हाय?" असं विचारतात. प्राचार्यांना, पोस्टमनला, एवढंच काय, भिसेगावात माझ्या साखरपुड्यात माझ्या होणाऱ्या नवऱ्यालाही. तो बिचारा गांगरून "बरा आहे" म्हणाला. सर म्हणाले, "मग कर लग्न."

मी ऑफिसात क्लार्क आहे. दर जूनमध्ये सरांचा तोच अर्ज टाइप करते: कॉलेजच्या कबड्डी संघाला मानधन द्यावं, आणि त्याला नियम असावेत. अर्ज होईपर्यंत सर उभेच. बसलं की गुडघा आखडतो, म्हणतात. प्राचार्य दरवर्षी ऐकवतात, खेळ पैशासाठी नसतो. "मग बॅनरवर पोरांचे फोटू लावून अॅडमिशन कशाला भरता?" असं सरांचं उत्तर. त्यांचं म्हणणं साधं आहे. चढाईत चमकणाऱ्याला गावोगावची मंडळं गुपचूप पाकीट देतात, पकड करणाऱ्याला वडापाव. "द्यायचं तर उघड द्या, समद्यांना सारखं द्या."

यंदा कॉलेजची कमिटी चक्क नमली. अर्जातल्या सातपैकी सहा कलमं मंजूर झाली. फक्त सातवं गाळा म्हणाले: दुखापत झाली तरी वर्षभर मानधन चालू राहील. न खेळणाऱ्याला कशाचे पैसे? सरांनी कागद उचलला. "सातव्याबिगर सहा नाय."

मला त्यांचा रागच आला. पोरांच्या हातातोंडाशी आलेला घास घालवलात, असं मी सरळ सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "रविवारी कडावला चल गं. दूध आनायचंय."

दूध इथे भिसेगावातही मिळतं. सर मात्र दर रविवारी कडावलाच जातात. स्कूटरवर त्यांनी कारण सांगितलं. "सुनंदा माझ्या पहिल्या संघातली. फायनलला तिचा गुडघा सुजलेला. मीच म्हनलो, एकच चढाई कर गं. ट्रॉफी कॉलेजात हाय, ती घरी बसली."

सुनंदाताई गोठ्यापुढे एक पाय ताठ ठेवून बसल्या होत्या.

"गुडघा कसा हाय?"

"तसाच हाय, सर. तुमचा अर्ज?"

"तो बी तसाच हाय."

दोघंही हसले. मला हसता आलं नाही.

सोमवारी सरांनी सांगायच्या आत मी अर्ज पुन्हा टाइप केला. सातवं कलम पहिलं घेतलं. सरांनी वाचलं, चष्मा पुसला, आणि प्राचार्य येईपर्यंत माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून राहिले.