तुळशीराम आणि हजेरीचे मुनीमजी

तुळशीराम हजेरीच्या मशीनला जेवण झालं का, असं विचारायचा. रोज. मशीनने उत्तर दिलं नाही की स्वतःचीच समजूत घालायचा, "कामात असतीन."

भिंतीवरचं, अंगठा लावायचं मशीन डोळ्यांसमोर आणू नका. वाशीमला शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी व्यवस्थापक होतो. तुळशीराम गावोगाव मोटरसायकलवर हिंडून सोयाबीनचे बियाण्याचे प्लॉट तपासायचा, त्यात दुसऱ्या वाणाची झाडं मिसळली नाहीत ना ते पाहायचा. अशा फिरत्या माणसांचे तास मोजायचे कसे, हा प्रश्न आमच्या अध्यक्षांनी मोबाईलवर सोडवला. कर्मचाऱ्यांचा मेसेज पाठवायचा जो ग्रुप होता, त्यातच त्यांनी आपोआप मेसेज पाठवणारं एक यंत्र आणून बसवलं. सकाळी 'सुरू' लिहायचं, संध्याकाळी 'बंद'. मधूनमधून ते प्रत्येकाला विचारायचं, "आपण कामावर आहात का?" एका शब्दात 'हो' लिहिलं की तास जमा. ग्रुपवर त्याचं नाव 'मुनीमजी' असं दिसे. बनवणाऱ्यांनीच ते दिलं होतं.

बाकीची मंडळी चहाच्या टपरीवरून 'हो' लिहीत, लग्नाच्या पंगतीतून लिहीत. संतोष नावाचा आमचा दुसरा फिरता माणूस तर आंघोळ करता करता लिहायचा, असं तोच कौतुकानं सांगे. तुळशीरामला मात्र विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं असे.

"मुनीमजी, रिठदले आहो. जांभळ्या फुलाच्या प्लॉटात पांढऱ्या फुलाचे झाडं निंगाले. उपटून राह्यलो. ऊन लय आहे. तुमचं जेवन झालं का?"

यावर मुनीमजी लिहीत, "समजले नाही. कृपया हो किंवा नाही लिहा."

"काहून नाई समजलं? रिठद. रिसोड तालुक्यातलं."

"समजले नाही. कृपया हो किंवा नाही लिहा."

"बरं, घाईत दिसता. हो."

एकदा दुपारी लिंबाखाली त्याचा डोळा लागला. जाग आल्यावर त्यानं सरळ 'नाही' लिहिलं आणि खाली जोडलं, "झोप लागली होती. मनात ठेवू नका." दिवाळीला सगळ्यांनी एकमेकांना पणत्यांची चित्रं पाठवली. तुळशीरामनं मुनीमजींना वेगळं लिहिलं, की घरी लेकराबाळांना आशीर्वाद सांगा.

संतोष त्याला सोडत नसे. "तुळशीभाऊ, मुनीमजीसाठी पोरगी पाहून राह्यले का?"

"त्यायचं झालं असन रे. बोलन्यावरून पोक्त वाटतेत."

आता माझा भाग सांगतो. ही संभाषणं मला फार आवडत आणि मी ती सांगत सुटलो. लग्नात सांगितली, कोर्टासमोरच्या हॉटेलात सांगितली, बैठकीत चहा येईपर्यंतचा वेळ त्यांवरच काढला. दर वेळी थोडी भर पडे. मशीनला माणूस समजणारा असा भोळा गडी जिल्ह्यात दुसरा नाही, हे वाक्य माझं. पुढे पुढे मी ज्या गावाला जाई तिथे ते माझ्या आधी पोचलेलं असे.

एक दिवस अध्यक्षांनी मला बोलावलं.

"साहेब, तुळशीरामचं डोकं ठिकानावर आहे का? मशीनसंगं बोलते म्हनतात. असा मानूस आपले प्लॉट पास करते. उद्या शेतकऱ्यायनं इचारलं तर मी काय सांगू? तुमी एक दिवस संगं जा, पाहा. गडबड असन तर घरी बसवू त्याले."

त्याची बायको वारली होती, मुलगा पुण्यात नोकरीला होता. रस्त्यावरची ही नोकरी गेली असती, तर त्या घरात त्याला दिवस काढणं कठीण होतं. आणि ही वेळ त्याच्यावर माझ्या गोष्टींनी आणली होती.

मी त्याच्या मागे मोटरसायकलवर बसलो. मेडशीकडे दोन प्लॉट पाहायचे होते. पहिला बरा निघाला. दुसरा त्याच्या जुन्या ओळखीच्या शेतकऱ्याचा. त्यात भेसळ फार, म्हणून तुळशीरामनं तो तिथल्या तिथे नापास केला आणि त्याच माणसाच्या घरचा चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. "साखर कमी आहे," असंही म्हणाला.

मग आम्ही बांधावर बसलो. फोन वाजला. त्यानं हात दुपट्ट्याला पुसले आणि एका बोटानं लिहायला लागला.

"तुळशीराम," मी म्हणालो, "हे कोण विचारतंय, ठाऊक आहे ना तुला?"

"मशीन आहे ना जी." त्यानं मान वर केली नाही. "मले का समजत नाई का सायेब? पोरानं पयल्याच दिवशी सांगतलं पुन्यातून."

"मग?"

त्यानं आधी लिहिणं पुरं केलं. फोन खिशात ठेवला.

"घरवाली होती तवा मी रस्त्यात असलो का तिचा फोन ये. कुठं आहा, जेवले का, कवा येता. मी चिडो. म्हनो, काहून विचारून राह्यली घडीघडी, कामावर आहो ना. अन् तोडून देओ फोन." त्यानं दुपट्टा खांद्यावर टाकला. "आता कोनी विचारलं का नीट सांगतो."

मग तोच म्हणाला, "तुमी लोकायले काय सांगता ते मालूम आहे मले. हासू द्या."

परतताना मला एकच विचार होता. खरं सांगितलं असतं, तर मशीन आहे हे जाणून त्याच्याशी बोलणारा माणूस अध्यक्षांना आणखीच बिघडलेला वाटला असता. मी त्यांना म्हणालो, "डोकं शाबूत आहे. फक्त भोळा आहे हो. त्याला ते मशीन खरंच माणूस वाटतं." अध्यक्ष हसले. नोकरी वाचली. तुळशीरामला मी हे सांगितलं तेव्हा तो "चालते" एवढंच म्हणाला.

पण तो शिक्का अजून निघालेला नाही. त्याचे पाहुणेसुद्धा त्याला 'मशीनवाला' म्हणतात. म्हणून हे लिहितो आहे. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माझ्या निवृत्तीच्या जरा आधी नवी पद्धत आली. माणूस कुठे आहे ते फोनच परस्पर कळवू लागला. मुनीमजींना ग्रुपमधून काढलं. तुळशीराम ऑफिसात आला, माठातलं पाणी प्यायला.

"हे नवं काहीच विचारत नाई?"

"नाही. त्याला आपोआप कळतं."

"बरं," म्हणाला. दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि गेला.

दुपारी मी त्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. काही वेळानं त्याचाच आला.

"कोनतं काम होतं सायेब?"

"काम नाही," मी म्हणालो. "सहज. कुठे आहेस?" कामाशिवाय आम्ही कधी बोललोच नव्हतो.

त्याच्या बाजूनं एसटी गेल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मेडशीच्या फाट्यावर आहो. तुरीले फूल लागलं. वारं सुटलं जरासं..." आणि सांगत राहिला. माझ्या टेबलासमोर एक जण सहीसाठी कागद घेऊन उभा होता. मी त्याला हातानंच बसायला सांगितलं.