मशीनचं पाणी आणि स्वप्नातली जिलबी

घरातलं काहीही दुरुस्त करायला मला तीनच गोष्टी लागतात: एक पकड, एक जुना टूथब्रश आणि बायकोची झोप! पहिल्या दोन कधीही मिळतात. तिसरी फक्त दुपारी.

शिवाय मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. अख्खी धरणं हाताळली! (फायलीत. पण हाताळली.) कपडे धुवायच्या मशीनला पाणी कमी येतं, ही काय मी घाबरायची गोष्ट आहे?

खरं सांगू? पाणी कमी येतं याचं मला काहीच दुःख नव्हतं. दुःख जिलबीचं होतं. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून मला दुपारी एकच स्वप्न पडतं, आणि तेही क्रमशः! आमराईत पंगत बसली आहे. शेजारून ओढा वाहतोय, पण इतका सावकाश की त्यालाही जेवण अंगावर आलं असावं. पानापानांतून ऊन गाळून येतंय. उदबत्तीचा धूर जागच्या जागी तरंगतोय. कोणालाही कुठेही जायचं नाही. आणि लांबून एक वाढपी सोनेरी जिलब्यांची परात घेऊन येतोय, रोज एक पान पुढे.

वाढपी जरा जवळ आला की आमचं मशीन बोंबलायचं. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत पाण्याला जोर दुपारीच असतो, म्हणून हेमा, म्हणजे आमची सौ., जेवणं झाली की मशीन लावते. पण मशीनमध्ये धार करंगळीएवढी! वेळेत भरलं नाही की ते टीं टीं टीं करून थांबतं.

"अहो, उठा! मशीन रडतंय. बादली ओता."

मी बादली ओततो. तोवर आमराई गेलेली असते.

आता माझ्या आणि जिलबीच्या मध्ये एकच माणूस उरला होता. चांगला आडवातिडवा. वाढप्याने आग्रह केला की "नको, नको" म्हणत दोन्ही हात पानावर आडवे धरायचा आणि बोटांच्या फटींतून चार-चार जिलब्या घ्यायचा! कित्येक दुपारी तो एकटाच खात होता. शेवटी एकदाची त्याने ढेकर दिली, वाढपी माझ्याकडे वळला, आणि टीं टीं टीं!

मी संतापलो. स्वप्नात माणसाला एक जिलबी मिळू नये?

"हेमा, उद्या मशीन लावू नकोस. मी दुरुस्त करतो."

"कारागिराला बोलवूया की."

"कशाला? पाण्यातलं मला कळत नाही का?"

"तुम्ही पाणी कागदावर सोडत होता. इथे ते खरं येतं."

"तुला झोपेतून उठावंसुद्धा लागणार नाही!"

"लिहून द्या," ती म्हणाली आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी हेमाचा डोळा लागल्याबरोबर मी कामाला लागलो. आधी मशीनच्या मागचा नळ बंद केला. चावी अशी हलकी फिरली म्हणून सांगू! (नळाची चावी इतकी हलकी फिरली, तर आतले आटे गेलेले असतात. हे ज्ञान मला नंतर झालं.) मग मशीनला जोडलेला पाईप सोडवला.

फुस्स्! चष्मा, बनियन, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळ्यांना एकदम आंघोळ! मी पाईपच्या तोंडावर अंगठा दाबला. दुसऱ्या हाताने पकड घेतली आणि मशीनच्या तोंडाशी असलेली जाळी ओढून काढली. एवढीशी जाळी, आणि तिच्यात वाळू इतकी की कुंडी भरावी! ब्रशने घासून लख्ख केली, परत बसवली. रोगाचं मूळ सापडलं होतं!

आता फक्त पाईप जोडायचा होता. पण अंगठा काढला की कारंजं. हेमाला हाक मारावी, तर शब्द दिलेला. मग ठरवलं, ती उठेपर्यंत असंच बसायचं. बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो, पाठ भिंतीला टेकली. अंगठ्याखाली पाणी बारीक आवाजात गुणगुणत होतं. सगळी सोसायटी झोपली होती. खिडकीतला पडदा आत यायचा, बाहेर जायचा, आत यायचा...

पाय गार झाले. बघतो तर ओढा पंगतीत आला होता! केळीची पानं हलकेच पाण्यावर तरंगायला लागली, कोशिंबिरीचा थेंबही न सांडता. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही. वाढपी घोटाभर पाण्यातून माझ्याकडे येत होता. किती सुखात होतो मी!

आणि बेल वाजली. पाईप सुटला, कारंजं छताला लागलं, आणि मी निथळत दार उघडलं.

दारात खालच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई. निवृत्त मुख्याध्यापिका. हातात उघडी छत्री.

"नमस्कार. चार वाजले. आपलं पाणी आमच्याकडे आलंय."

"कधी?"

"बराच वेळ झाला. पण एक ते चार कोणी कोणाची बेल वाजवायची नाही, हा ठराव सोसायटीत आपणच मांडलात. मी अनुमोदन दिलं."

"अहो, पण अशा वेळी तरी..."

"ठरावात 'अशा वेळी' नव्हतं. मी छत्री उघडून पडून राहिले."

तेवढ्यात हेमा छप् छप् करत बाहेर आली. बाथरूमच्या दाराच्या वर हात नेऊन एक कॉक फिरवला. कारंजं बसलं.

"हा मेन कॉक," ती म्हणाली. "आपण राहायला आल्यापासून इथेच आहे."

"पण दुरुस्त झालं!" मी म्हणालो. "आता बघ पाण्याला कसा जोर येतो!"

"आलाय," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "देवघरापर्यंत."

संध्याकाळी प्लंबरने नळ बदलला. मंदाकिनीबाईंचं घर मी स्वतः पुसून दिलं. त्यांनी कोपरे तपासले.

पण दुसऱ्या दुपारी मशीनने काय पाणी घेतलं! घटाघटा! टीं नाही की टां नाही. मी आडवा झालो, आणि आमराई दारातच उभी होती. ऊन तसंच, धूर तसाच. आडवातिडवा माणूस हात धुवायला गेला होता. वाढपी माझ्या पानासमोर थांबला, वाकला. केशराचा वास आला. पाकाचा एक थेंब हळूहळू लांबत माझ्या पानाकडे यायला लागला. माझे डोळे भरून आले हो!

"थांबा!"

आवाज ओळखीचा होता. ओढ्याच्या काठावर, पदर खोचून, हेमा उभी!

"यांना जिलबी नको," ती वाढप्याला म्हणाली. "मठ्ठा वाढा."

वाढला. त्यातही साखर नव्हती!